भिंतीवरचा बॉयलरवाला

"आ कोण छे?" इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं.

"ए तो सफाईवाळो छे, साहेब," मॅनेजर म्हणाला.

तो सफाईवाला म्हणजे मी. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या बॉयलर हाऊसमागे, राखेच्या ढिगाआड उभा. हातात झाडू नाही, फावडं नाही. गप्प उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. पण माझं डोकं अशा वेळी नको तिथं चालतं. वाटलं, साहेब बघताहेत, तर थोडी सफाई करून दाखवावी. मी बुटाच्या टोकानं राख बाजूला लोटायला लागलो. वारा नेमका साहेबांच्या दिशेचा. राख उडाली ती थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"साव जंगली छे," मॅनेजर त्यांचा शर्ट झटकत म्हणाला. "हवे आवा ज माणसो मळे छे." म्हणजे, हल्ली असलीच माणसं मिळतात.

साहेब हसले. मॅनेजर हसला. आणि मीही हसलो. दात काढून. मला जंगली म्हटलं, आणि मलाच हसू आलं. आलं म्हणजे काय, आणलं. ते कुठून आणलं, मला आजही कळत नाही. चेहऱ्याला सवय असते.

भिंतीच्या पलीकडे बॉयलर धडधडत होता. सकाळी तो मी पेटवला होता. मिलमधलं सगळं कापड माझ्या वाफेवर उकळत होतं, माझ्या वाफेवर वाळत होतं. आणि बॉयलरसमोर, माझ्या स्टुलावर, इस्त्रीचा निळा बॉयलर सूट घालून रमणभाई बसले होते.

हा काय प्रकार, ते सांगतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी सांगत नाही.

बॉयलर म्हणजे पाण्यावर आग आणि बंद भांड्यात वाफ. चुकलं की फुटतो. म्हणून कायदा म्हणतो, बॉयलरवर सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे. परीक्षा दिलेला, सरकारनं पास केलेला. आता असा माणूस ठेवला तर तो आठ तासांच्या वर थांबत नाही, सुट्टी मागतो, पगारही त्याच्या कागदाला शोभेल असा मागतो. मग मिलवाले काय करतात? माणूस ठेवत नाहीत. कागद ठेवतात. दुसऱ्या मिलमधून निवृत्त झालेल्या एखाद्या सर्टिफिकेटवाल्याला गाठायचं, त्याच्या सर्टिफिकेटाची चौकट करून भिंतीवर टांगायची, त्याच्या घरी महिन्याला पाकीट जातं. आणि खाली बॉयलर चालवायला माझ्यासारखा कोणीतरी. हजेरीपटावर सफाई खात्यात. साहेब यायचे म्हटलं की फोन जातो, सर्टिफिकेटवाला स्कूटरवरून येतो, सूट चढवतो, स्टुलावर बसतो. आणि खरा बॉयलरवाला मागे जातो. राखेत.

रमणभाईंना आम्ही 'फोटो' म्हणायचो. एरवी ते आम्हाला भिंतीवरच दिसायचे ना. चौकटीत, डाव्या कोपऱ्यात, तरुणपणीचा फोटो, मिशी काळीभोर.

एका दसऱ्याला मी घोळ घातला. दसऱ्याला मिलमध्ये सगळ्या मशीनची पूजा. मी बॉयलरला हार घातला, पंपाला घातला, प्रेशरच्या घड्याळाला घातला. एक हार उरला. टाकायचा कशाला? चौकटीला घातला. वर कुंकवाचं बोटही लावलं. बिहारकडून नुकताच आलेला एक कामगार रोज येता-जाता त्या फोटोला हात जोडायला लागला. मला वाटलं, भाविक माणूस. पुढे साहेब यायचे ठरलं आणि रमणभाई स्कूटर लावून आत आले. तो कामगार त्यांच्याकडे बघतो, फोटोकडे बघतो. हातातलं घमेलं तिथंच टाकून तो जो पळाला, तो मिलच्या गेटबाहेर जाऊन थांबला.

रमणभाईंनी वाळलेला हार पाहिला. "अल्या भाऊ, मने मारी नाख्यो के शुं? हजु तो जीवुं छुं!"

आम्ही पोट धरून हसलो. रमणभाई वाईट माणूस नव्हते. सूट चढवता चढवता मला म्हणायचे, "तू बेस ने, हजु वार छे." बस, साहेबांना अजून वेळ आहे. पण दोघांनी बसावं एवढा स्टूल मोठा नव्हता.

मला बॉयलरवर आणलं ते तात्यांनी. मी अमळनेराकडून सुरतेला आलो तेव्हा मिलच्या आवारात कोळसा ओढायचो. तात्या जालन्याकडचे. बॉयलर तेच चालवायचे, सर्टिफिकेट त्यांच्याकडेही नव्हतं. त्यांनी मला कोळशातून उचललं आणि शिव्या देत देत शिकवलं. बॉयलरला एक काच असते, आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. मी काचेऐवजी तात्यांच्या तोंडाकडे बघायचो, चुकलं का हे कळावं म्हणून.

"काचंकडं बघ ना रे बाबा! माह्या थोबाडात पाणी दिसू राहिलं का तुला?"

असं शिकलो. पहिल्या महिन्यात मी एकदा झडप उलटी फिरवली आणि रंगखात्याची वाफच बंद केली. लाल हवं होतं ते कापड गुलाबी निघालं, गुलाबी हवं होतं ते कुठल्याच रंगाचं नाही. डाईंग मास्टर लोखंडी सळई घेऊन मला शोधत आला. तात्यांनी सांगितलं, झडप मीच फिरवली. मास्टरनं त्यांना आईवरून शिव्या दिल्या. तात्या ऐकत राहिले. तो गेल्यावर माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली आणि म्हणाले, "आता झडपीवर हात ठेव. डोळे मिटून सांग, चालू कोणीकडं, बंद कोणीकडं."

मग ती काच फुटली. मी तेव्हा गावी होतो, पुतणीच्या लग्नात. काचेतून उकळतं पाणी आणि वाफ तात्यांच्या दोन्ही हातांवर आली. परत आलो तर तात्या दवाखान्यात, कोपरापर्यंत बँडेज. आणि मिलच्या कागदावर लिहिलेलं होतं: सफाई कामगार, परवानगीशिवाय बॉयलरजवळ गेला.

भरपाईचं विचारायला आम्ही चार माणसं मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"सफाईवाला बॉयलर के पास क्या कर रहा था?"

त्याला माहीत होतं तात्या तिथं काय करत होते. आम्हाला माहीत होतं की त्याला माहीत आहे. पण भिंतीवर चौकट होती. चौकटीत रमणभाई होते. त्या दिवशी बॉयलर रमणभाईच चालवत होते, कागदावर.

तात्यांना काही मिळालं नाही. हाताची बोटं मिटेनाशी झाली. ते गावी गेले. त्यांच्या जागी मी.

मग वर्षं गेली. वाफेसारखी गेली असं लिहायचं मनात होतं, पण वाफ कशी जाते ते मला माहीत आहे. ती काम करून जाते.

साठीला मिलनं मला निवृत्त केलं. शाल, नारळ, पेढ्याचा बॉक्स. मॅनेजर माईकवर बोलला, "हमारे सफाई विभाग के सबसे पुराने, सबसे वफादार आदमी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नारळ काखेत धरून.

घरी, नवागामला, बायकोला सगळं सांगितलं. ती साडीवर खडे चिकटवत बसली होती. दिवसभर मान खाली घालून तेच काम करते, घराला त्याचाच आधार. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तिनं मान वर केली नाही.

"तुमी कसाले टाळ्या वाजाड्यात?"

मी पेढा खाल्ला.

निवृत्त झालेल्या बॉयलरवाल्याला काय करता येतं? मी आधी वॉचमनकी करून पाहिली, एका सोसायटीच्या गेटवर. मला ते जमलं नाही. जो जोरात बोलेल त्याला मी सलाम करून आत सोडायचो. एक भंगारवाला इतक्या रुबाबात आला की मी त्याला गेट पूर्ण उघडून दिलं. जाताना तो सेक्रेटरीची सायकल घेऊन गेला, तेव्हाही मी सलाम केला. दुसऱ्या दिवशी मी घरी.

मग एका ओळखीच्यानं कोसाडकडची एक लाँड्री दाखवली. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. छोटा बॉयलर, दिवसाचं काम, बसायला पंख्याखाली खुर्ची. मालक तरुण, बोलायला साधा. त्यानं आधीच कानाला खडा लावलेला. "काका, मैं किसी का कागज टांगने वाला नहीं. सर्टिफिकेट आपका, आदमी भी आप. ले आओ, काम आपका." तो महिनाभर थांबायला तयार होता.

या वयात परीक्षा. चौकशी केली. बसता येत होतं. तोंडी परीक्षा, हिंदीत चालते. फक्त एक अट. बॉयलरवर काम केल्याचा, आधी काम केलेल्या कंपनीचा दाखला हवा.

मी मिलमध्ये गेलो. मॅनेजरनं चहा मागवला. त्या मिलमध्ये मला कपबशीतून चहा पहिल्यांदा मिळाला, निवृत्तीनंतर. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"दाखला देता हूँ," तो म्हणाला. "पण तुझं नाव सफाईत आहे. मी बॉयलरवाला कसं लिहू? लिहिलं तर साहेब विचारतील, सर्टिफिकेट कुठं होतं?" थोडा वेळ त्यानं पेन कपाळावर घासलं. मग त्याला सुचलं. त्यानं लिहून दिलं की मी अमुक इतकी वर्षं रमणभाईंच्या हाताखाली बॉयलरवर मदतनीस म्हणून काम केलं आणि त्यांच्याकडून काम शिकलो. नियमात बसणारं होतं. मदतनीसाला सर्टिफिकेट लागत नाही.

"परीक्षेत विचारतील, कुणाकडं शिकलास. काय सांगशील?"

"रमणभाई."

"शाबाश. नाहीतर तुझाही लफडा, माझाही."

कागद घडी करून खिशात घातला आणि नाचत घरी आलो. खरंच नाचत. रिक्षावाल्यानं विचारलं, काका लग्न आहे का घरात.

बायको माझी तयारी करून घ्यायला लागली. ती खडे चिकटवता चिकटवता प्रश्न विचारायची, मी उभा राहून उत्तरं द्यायचो. सेफ्टी व्हॉल्व्ह कशाला? पाणी कमी झालं तर आधी काय? मी घोकायचो. मला सगळ्यात जास्त अडायचं ते शेवटच्या प्रश्नाला. तिनं विचारावं, कोणाकडे शिकलात, आणि मी म्हणावं, "तात्... रमणभाई." पुन्हा. "तात्... रमणभाई." चौथ्या वेळी नीट म्हटलं. मोठ्यानं, छाती काढून. "रमणभाई!"

ती थांबली. बोटाला खडा चिकटलेला.

"आनि तात्या?"

मी म्हटलं, तात्यांना काय फरक पडतो, ते कुठं ऐकताहेत. त्या दिवशी तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. मला म्हणाली, "जेवी ल्या आते."

परीक्षेच्या दिवशी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. सरकारी ऑफिसचा लांब बोळ, बाकावर आम्ही परीक्षेला आलेले. सगळे माझ्या मुलाच्या वयाचे. मी पुटपुटत बसलो होतो. तेवढ्यात शिपाई ओरडला, "साहेब आवी गया!"

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं तेव्हा मी जिन्याखालून मागच्या दारानं बाहेर पडलो होतो आणि ऑफिसच्या मागे, स्कूटरच्या रांगेपलीकडे, भिंतीला पाठ लावून उभा होतो. कोणी ढकललं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. साहेब आले म्हणून मी मागे गेलो होतो.

परीक्षा माझी. साहेब माझ्यासाठी आलेले. आणि मी लपलेला.

हसू यायला हवं होतं. आजवर मी असल्या फजित्या चारचौघांत रंगवून सांगितल्या आहेत, हीही सांगेन असं वाटलं. पण त्या भिंतीपासून माझी पाठ सुटेना. माझी बुद्धी म्हणत होती, आत जा. पाय ऐकत नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं, मी मागे जातो ते नोकरीसाठी. पोटासाठी. साहेब गेले की परत येतो, मी तोच. आता नोकरी नव्हती, मॅनेजर नव्हता, तरी मी मागेच होतो. त्यांनी मला फक्त कागदावर सफाईवाला केलं नव्हतं.

शिपाई शोधत आला. "काका, संडास आ बाजु नथी, पेली बाजु छे. तमारुं नाम बोलावे छे."

आत गेलो. परीक्षा घ्यायला साहेब नव्हतेच, मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, समोर माझी फाईल. उशीर झाला म्हणून चिडलेल्या.

"कहाँ गए थे?"

"पीछे, मॅडम."

"पीछे क्या है?"

"कुछ नहीं."

त्यांनी प्रश्न विचारले. काही आले. एक साफ चुकला, कोळशाच्या धुराबद्दलचा, मी काहीतरी ठोकून दिलं आणि त्यांनी भुवया वर केल्या. एकाचं उत्तर अर्धं दिलं. पास होण्यापुरतं जमत होतं, हे त्यांच्या पेनावरून कळत होतं. मग त्यांनी मिलचा दाखला वर काढला.

"किसके हाथ के नीचे सीखा?"

घोकलेलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी तोंड उघडलं.

आणि मला कळलं की मी हसतोय. दात दिसताहेत. मॅडमनी हसण्यासारखं काही विचारलं नव्हतं. खोटं बोलायच्या आधी माझा चेहरा आपोआप तयार झाला होता. राखेत उभा असताना झाला होता तसाच.

मी तोंड मिटलं.

"काका?"

"वो कागज झूठा है, मॅडम."

पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"सोच के बोलो. कागज झूठा, तो अर्जी भी झूठी. यहीं खतम हो जाएगी."

त्यांनी आवाज खाली आणला.

"मैंने अभी कुछ सुना नहीं. फिर से पूछती हूँ. आराम से जवाब दो. रमणभाई के पास सीखा ना?"

त्या वाईट नव्हत्या, हे मला आजही मान्य आहे. त्या मला पास करायला निघाल्या होत्या. एक 'हां' आणि कोसाडची ती पंख्याखालची खुर्ची माझी. बायकोची मान दिवसातून थोडा वेळ तरी वर झाली असती. महिना संपत आला होता. हे सगळं मला त्या वेळी दिसत होतं, कोणी बाजूला उभं राहून दाखवावं तसं.

"नहीं," मी म्हटलं. "रमणभाई को मैंने इन्स्पेक्शन के दिन देखा. बाकी दिन उनका फोटो देखा."

"तो किसने सिखाया?"

"तात्यांनी." हिंदी सुटली माझी. "जालन्याकडचे. बॉयलरवरच भाजले. दोन्ही हात गेले. मिलनं लिहिलं, सफाईवाला. त्यांच्यानंतर बॉयलर मी चालवला. एकट्यानं. मीसुद्धा सफाईवाला."

मॅडमना मराठी कळत असावी. त्यांनी फाईल मिटली. बाहेर बोळात कोणीतरी मोबाईलवर हसत होतं.

"लिख के दोगे?"

"दूंगा."

"लिख के दोगे तो मैं फिर दबा नहीं पाऊँगी. आप पर भी आएगा. बिना सर्टिफिकेट बॉयलर चलाया, गुनाह है."

"माहीत आहे, मॅडम."

"घर जा के सोचो."

"घरी गेलो तर नाही लिहिणार. आत्ताच कागद द्या."

बोळातल्या बाकावर बसून लिहिलं. मराठीत, मला गुजराती लिहिता येत नाही. पहिल्याच ओळीत, नावापुढं धंदा लिहायचा तिथं, मी लिहून बसलो, 'सफाई कामगार'. हाताला तेच वळण. मग ते इतकं जोरात खोडलं की कागद फाटला. शिपाई म्हणाला, बीजो कागळ लो ने काका. नको म्हटलं. त्या फाटक्या जागेच्या वर लिहिलं, बॉयलर चालवणारा. मॅडमनी तो घेतला, शिक्का मारलेली एक प्रत मला दिली आणि माझ्या अर्जावर लाल पेनानं 'नामंजूर' लिहिलं. दोन्ही कामं त्यांनी एकाच चेहऱ्यानं केली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. नोकरी गेली, मिळायच्या आधीच गेली. ती रागवेल म्हणून मी दारातच उभा होतो.

"तात्यानं नाव सांगं ना?" तात्यांचं नाव सांगितलं ना, एवढंच तिनं विचारलं.

"सांगं."

"मंग मजार या." म्हणजे, मग आत या.

दोनच दिवसांत मॅनेजरचा फोन. "गांडो थई गयो छे?" वेडा झालास का. आधी शिव्या. मग गोड. "तुझं वय झालंय, बोल की गोंधळ झाला, विसरायला होतं. मी नवीन दाखला देतो, चांगला. हवं तर मिलमध्येच ये परत." मग पुन्हा शिव्या. "केस तुझ्यावरच होईल. म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या झिजव." मी ऐकत राहिलो. एकदाही 'हो साहेब' तोंडातून निघालं नाही. बायको समोरून बघत होती, माझा चेहरा.

त्याच्या मागोमाग रमणभाई आले. त्यांची स्कूटर आमच्या गल्लीत शिरेना, इतकी गल्ली अरुंद. बाहेर लावून चालत आले, धापा टाकत. मिशी सगळी पांढरी. मी त्यांना खुर्ची दिली, खाली सतरंजीवर बसलो, मग उठलो आणि दुसरी खुर्ची शेजाऱ्यांकडून आणली.

"मारुं सर्टिफिकेट जशे," सर्टिफिकेट जाण्याच्या भीतीनं ते म्हणाले. "मारुं शुं थशे? मी तुझं काय बिघडवलं, भाऊ?"

खरं म्हणजे काहीच नाही. मी तेच सांगितलं. तुम्ही माझं काही बिघडवलं नाही, रमणभाई. तुम्हाला पेन्शन नाही, त्यांनी तुमच्या कागदाला पाकीट दिलं, तुम्ही घेतलं. उद्या मलाही दिलं असतं. माझं सर्टिफिकेट झालं असतं तर मीही कुठल्या तरी भिंतीवर टांगला गेलो असतो आणि कोणीतरी राखेत उभा राहिला असता.

"तर मग?"

"तात्यांचे हात भाजले त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"कागदावर तुम्ही बॉयलरसमोर होतात. कुठं होतात खरं?"

"घेर," ते म्हणाले. घरी. "मने तो पछी खबर पडी." त्यांना नंतर कळलं होतं.

"एवढंच सांगा. चौकशीला बोलावतील तेव्हा एवढंच सांगायचं. मी घरी होतो."

बायकोनं दिलेला चहा ते पूर्ण प्यायले. कप खाली ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत मी सोबत गेलो. स्कूटर तीन-चारदा किक मारूनही लागेना, मी मागून ढकलली. ते सांगतील की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्यावर अवलंबून नाही.

तात्यांना फोन लावला. आता त्यांचा आवाज बारीक झालाय, पण जीभ तीच.

"कशाला उकरू राहिला रे? माह्या हाताला आता काय फुटणार आहे?"

मी म्हटलं, तुमच्या हातासाठी नाही. कागदावर सफाईवाला लिहिलंय, ते खोडायचंय. तिकडून खोकल्याचा आवाज आला.

"मले गाडीत चढता येत नाही. दांडी धरता येत नाही."

"मी न्यायला येतो."

"ये मग," ते म्हणाले. "पण चुकीच्या गाडीत बसू नको. तुझा भरवसा नाही."

तिकीट काढलंय. बायको म्हणते, "मी बी येस तुमनासंगे." खड्यांचं काम तिनं तेवढ्यापुरतं शेजारणीला दिलंय. लाँड्रीवाल्यानं दुसरा माणूस ठेवला. त्याचं बरोबर आहे, त्याच्या चादरी थांबणार नाहीत.

मी परीक्षेचा अर्ज पुन्हा भरणार आहे. अनुभवाच्या रकान्यात मिलचं नाव लिहिणार, बॉयलर लिहिणार, मदतनीस लिहिणार नाही. शिकवणारा म्हणून तात्यांचं नाव लिहिणार. तो अर्ज बहुतेक पुन्हा नामंजूर होईल. मग पुन्हा भरणार.

आणि मॅनेजर म्हणतो तशी माझ्यावर केस करायची असेल, तर मिलवाल्यांनो, जरूर करा. पण ती करायची तर आधी सरकारी कागदावर लिहावं लागेल की या मिलचा बॉयलर हा माणूस चालवत होता. दुसरी सोय नाही. इतकी वर्षं जी एक ओळ तुम्ही लिहिली नाही, ती तुम्हाला माझ्यावर आरोप म्हणून तरी लिहावीच लागेल.

लिहा. खाली सही करायला मी समोरच्या दारानं येईन.